ऑस्लोची आच आणि चिकमगळूरचं बी

कॉफीचं कच्चं बी फिकट हिरवं असतं आणि त्याला कॉफीचा वास मुळीच नसतो. दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या ड्रममध्ये ते पडलं, की पहिली चार-पाच मिनिटं त्यातलं पाणी सुटत राहतं. मग हिरवा रंग पिवळा होतो, पाव भाजल्याचा वास यायला लागतो, बी तपकिरी होत जातं. आठव्या-नवव्या मिनिटाला बियांचं तापमान 196 ते 200 अंश सेल्सियसच्या घरात पोचतं आणि ड्रममधून तडतड ऐकू येते. बियांत कोंडलेली वाफ पेशी फोडून बाहेर पडत असते. भाजणारे याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. खरी कसोटी इथून पुढच्या दोन-तीन मिनिटांची. मिनिटभरात बी बाहेर काढलं तर कपात आंबटसरपणा येतो, फळाफुलांचा वास येतो, कॉफी पातळ लागते. आणखी दीड-दोन मिनिटं थांबलं तर गोडवा वाढतो, भाजक्या दाण्याचा आणि चॉकलेटचा स्वाद उतरतो. 225 अंशांच्या आसपास बी दुसऱ्यांदा तडतडतं, या वेळी जरा बारीक आवाजात. त्याच्या पुढे गेलं की बियांवर तेल चमकायला लागतं, आणि चवीत बियांचा वाटा कमी, आचेचा जास्त होतो.

एकाच बागेतलं एकच पोतं दोघांनी वाटून घेतलं, तरी पिणाऱ्याच्या हाती दोन वेगळ्या कॉफ्या येतात, त्या या दोन-तीन मिनिटांमुळे. रोस्टरची, म्हणजे भाजणाऱ्याची, शैली म्हणतात ती हीच. आणि कोणता रोस्टर चांगला, या चर्चेत नेमकी हीच गोष्ट बाजूला पडते. चर्चा होते ती पाकिटावर छापलेल्या चवींची: पीच, जास्वंद, मँडरिन, उसाचा रस. बी कोणत्या जातीचं आहे, ते कुठवर भाजलंय आणि कोणी कसं प्यावं म्हणून भाजलंय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत स्पेशालिटी कॉफी भाजणाऱ्यांची एक पूर्ण पिढी उभी राहिली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण या पिढीने आच बेतताना फिक्या भाजणीच्या ऑस्लोकडे जरा जास्तच बघितलं आणि चिकमगळूरच्या बियाकडे, सोलापूर-सांगलीच्या दुधाच्या कपाकडे जरा कमी.

‘स्पेशालिटी’ हा शब्द अर्ना क्नुट्सन या बाईंनी 1974 मध्ये एका व्यापारी मासिकात वापरला, तो ठरावीक हवामानात पिकणाऱ्या, स्वतःची वेगळी चव असलेल्या कॉफीसाठी. पुढे त्याला मोजमाप आलं: शंभरपैकी ऐंशी किंवा जास्त गुण मिळवणारं, ठळक दोष नसलेलं बी ते स्पेशालिटी. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की हे गुण बियाचे असतात. ते कुठवर भाजायचं हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. गुण देण्यासाठी नमुना फिका भाजतात तो दोष झाकले जाऊ नयेत म्हणून. परीक्षेच्या टेबलावरची ही भाजणी हळूहळू पिण्याचीही उत्तम भाजणी मानली गेली, आणि बऱ्याच घोळाचं मूळ इथे आहे.

अमेरिकेत हा प्रवास उलट्या टोकाकडून सुरू झाला. आल्फ्रेड पीट या डच गृहस्थाने 1966 मध्ये बर्कलीत दुकान काढलं आणि तोवर डब्यातली पाणचट कॉफी पिणाऱ्या अमेरिकनांना गडद, दाट कॉफीची चटक लावली. 1971 मध्ये सिएटलला स्टारबक्स सुरू झालं तेव्हा त्याच्या संस्थापकांनी सुरुवातीला बियाही पीटकडूनच घेतल्या आणि भाजणीची रीतही. पुढे स्टारबक्स जगभर पसरलं आणि गडद म्हणजे चांगली कॉफी, असं समीकरण रुजलं. नव्वदीत शिकागोला इंटेलिजेन्शिया, डरहॅमला काउंटर कल्चर आणि 1999 मध्ये पोर्टलंडला स्टम्पटाउन उभं राहिलं, ते या समीकरणाला उत्तर म्हणून. त्यांनी आच कमी केली, शेतकऱ्याचं आणि बागेचं नाव पुढे आणलं, थेट खरेदी सुरू केली. गंमत अशी, की 2015 मध्ये स्टम्पटाउन आणि इंटेलिजेन्शिया या दोन्हींची मालकी पीट्सकडेच गेली.

फिक्या भाजणीला तत्त्वज्ञानाचं रूप मिळालं ते नॉर्वे-डेन्मार्कमध्ये. टिम वेंडेलबो 2004 मध्ये जागतिक बरिस्ता विजेता झाला आणि 2007 मध्ये त्याने ऑस्लोच्या ग्रुनरलोका भागात लहानसं दुकान आणि रोस्टरी काढली. त्याच वर्षी कोपनहेगनला कॉफी कलेक्टिव्ह सुरू झाली, स्वीडनच्या हेल्सिंगबोरीला कोप्पी. बियाला जेवढी आच लागेल तेवढीच द्यायची, आपली चव त्यावर लादायची नाही, हा या मंडळींचा आग्रह. वेंडेलबोने तर कोलंबियात जमीन घेऊन स्वतः कॉफी लावली. त्यांच्या कपात केनियाचं बी काळ्या मनुकांसारखं लागतं, इथिओपियाचं बर्गमॉटसारखं, आणि ते खरोखर तसं लागतं. यात बनवाबनवी नाही.

पण ही शैली ऑस्लोतच का जन्मली? नॉर्वेत कॉफी काळी पितात, फिल्टरमधून गाळून, मोठ्या मगात, दिवसातून अनेकदा. तिथलं नळाचं पाणी मऊ आहे, आणि मऊ पाण्यात आंबटसरपणा स्पष्ट उतरतो. बी येतं ते पूर्व आफ्रिकेच्या आणि कोलंबियाच्या सतराशे, अठराशे, दोन हजार मीटर उंचीवरून. तिथल्या थंडीत फळ सावकाश पिकतं, बी टणक होतं आणि त्यात आम्ल आणि साखर दोन्ही साठतात. काळी कॉफी, मऊ पाणी, उंचावरचं टणक बी या तीन गोष्टी जुळल्या तिथे फिकी भाजणी सहज उगवली. ती तिथल्या माणसांनी तिथल्या कपासाठी शोधलेली आहे.

ट्रिएस्टच्या इल्लीची गोष्टही तशीच. 1933 मध्ये सुरू झालेलं हे घराणं अरेबिका जातीच्या नऊ घटकांच्या एका ठरलेल्या मिश्रणासाठी ओळखलं जातं, कारण इटालियन माणसाला रोज सकाळी बारपाशी उभं राहून तोच एस्प्रेसो हवा असतो. त्याला नवलाई नको, सातत्य हवं. खाली नेपल्सकडे आच चढत जाते आणि रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीचं प्रमाणही, कारण तिथे घोट दाट, कडू आणि साखरेसह लागतो. इटली हे वर्षानुवर्षं भारतीय कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. म्हणजे कर्नाटक-केरळातलं बी आणि चढती आच यांची जोडी इटलीत कितीतरी आधीपासून जमलेली आहे.

टोकियोत एकाच शहरात दोन्ही टोकं नांदतात. गिन्झातलं काफे द लाम्ब्र हे दुकान इचिरो सेकिगुची यांनी 1948 मध्ये काढलं. फक्त कॉफी, सोबत दुसरं काही नाही. बिया वर्षानुवर्षं मुरवायच्या, गडद भाजायच्या आणि कापडी फिल्टरमधून थेंब-थेंब गाळायच्या. सेकिगुची 2018 मध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी वारले. शंभरी उलटल्यावरही ते कॉफीतच रमलेले होते. त्याच शहरात पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंबोचोत 2015 मध्ये ग्लिच कॉफी सुरू झालं. तिथे बी इतकं फिकं भाजतात की कप चहासारखा दिसतो. दोन्हीकडे रांगा असतात, आणि टोकियोतला जाणकार ग्राहक एकाला मागास आणि दुसऱ्याला पुढारलेला ठरवत नाही. आपल्याकडे हे घडायला हवं.

आपल्याकडची गोष्ट सुरू होते ती मात्र कॉफी बोर्डाच्या ‘पूल’ म्हणजे सामाईक साठ्याच्या पद्धतीपासून. 1942 च्या कायद्याने बागायतदाराला आपलं पीक बोर्डाकडे जमा करावं लागे. सगळ्यांची कॉफी प्रतवारीनुसार एकत्र होई आणि लिलावाने विकली जाई. कूर्गच्या एखाद्या उत्तम बागेचं बी शेजारच्या सामान्य बागेच्या बियात मिसळून जाई. जिथे बागेचं नाव उरत नाही तिथे त्या बागेची चव भाजून दाखवणारा तयार तरी कसा होणार? नव्वदच्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपली आणि मालकाला आपला माल आपल्या नावाने विकता आला. आजची सगळी स्पेशालिटी मंडळी या बदलाची फळं आहेत, आणि ती उशिरा आली, यात त्यांचा दोष नाही.

त्या आधी भाजणारे नव्हते असं मात्र नाही. माटुंग्याच्या बाजारात आजही दक्षिणी कॉफीच्या दुकानाबाहेर वास थबकवतो. आत गेलं की गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला संवाद ऐकण्यासारखा असतो. ‘पीबी किती, प्लांटेशन ए किती?’ ‘चिकोरी घालू का? ऐंशी-वीस की सत्तर-तीस?’ ‘फिल्टर पितळेचा की स्टीलचा?’ ‘दूध किती घालता?’ पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनऐवजी एकच गोल बी असतं ते. प्लांटेशन म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका. गिऱ्हाईक सांगेल त्या प्रमाणात बी तोललं जातं, समोर दळलं जातं, कागदी पिशवीत गरम-गरम हातात येतं. यातली चिकोरी स्पेशालिटीवाल्यांना चालणार नाही, ते ठीक. पण दुकानदाराचा पहिला प्रश्न पिणाऱ्याच्या कपाबद्दल असतो, आणि तो प्रश्न पाचशे-सहाशे रुपयांच्या पाव किलोच्या पाकिटावर बहुतेक वेळा सापडत नाही.

आता आजच्या रोस्टरांकडे वळू. सगळ्यांना एका पट्टीने मोजण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकाचा हेतू निराळा आहे.

ब्लू टोकाय 2013 मध्ये दिल्लीत मॅट चितरंजन आणि नम्रता अस्थाना यांनी सुरू केलं. भारतात इतकं चांगलं बी पिकतं आणि ते सगळं बाहेर जातं, घरी ताजं भाजलेलं मिळतच नाही, ही त्यांची सुरुवातीची खंत. मागणी आल्यावर भाजायचं, पाकिटावर भाजल्याची तारीख छापायची, बागेचं नाव लिहायचं: आज या गोष्टी साध्या वाटतात, पण घरोघरी त्या पोचवल्या त्यांनी. त्यांची शैली एका टोकाची नाही. फिक्यापासून ‘व्हिएन्ना रोस्ट’ या गडद भाजणीपर्यंत सगळी पट्टी ते मांडतात आणि पाकीट बघून कोणती कुठे बसते ते कळतं. बिळिगिरीच्या डोंगरातल्या अट्टिकन इस्टेटचं त्यांचं बी हे मध्यम ते गडद भाजणीचं. दुधात ते मस्त उतरतं. पहिल्यांदा घरी कॉफी करू बघणाऱ्याला कोणी विचारलं, तर आजही तेच सुचवावं.

मुंबईच्या सबकोची तऱ्हा वेगळी. 2020 मध्ये, ऐन कोविडच्या वर्षात, वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या जुन्या घरात ती सुरू झाली. उपखंडातलं बी जगातल्या कोणत्याही बियाच्या तोडीचं आहे, हे सिद्ध करण्याची ईर्षा तिच्या प्रत्येक पाकिटात दिसते. बागायतदारांबरोबर आंबवण्याचे, वाळवण्याचे नाना प्रयोग आणि त्या प्रयोगांची चव झाकली जाऊ नये अशी भाजणी. काळी कॉफी पिणाऱ्याला तिथे नवं काहीतरी हमखास सापडतं. भारतीय कॉफीबद्दलचा न्यूनगंड घालवण्याचं मोठं काम सबकोने केलं आहे, यात शंका नाही.

अराकू तिसऱ्या वाटेने गेली. पूर्व घाटातल्या अराकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी, त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणारं नांदी फाउंडेशन, आणि 2017 मध्ये थेट पॅरिसला दुकान. बंगळुरूला कॅफे त्यानंतर, 2021 मध्ये आला. फ्रेंच लोक वाइनकडे बघतात तशी नजर त्यांनी कॉफीवर रोखली: कोणत्या उतारावरचं, कोणत्या मातीतलं बी, याला सगळ्यात जास्त महत्त्व. ब्लॅक बाझाच्या अर्शिया बोस या मुळात पर्यावरणाच्या अभ्यासक. पक्ष्याच्या नावाची त्यांची कंपनी बिळिगिरीतल्या सोलिगा शेतकऱ्यांसारख्या लहान उत्पादकांकडून सावलीतली कॉफी घेते. तिच्या पाकिटात झाडं, पक्षी आणि जंगल यांचा हिशेब चवीच्या आधी येतो. रोबस्टाला ती मंडळी तुच्छ लेखत नाहीत, ही गोष्ट विशेष.

आणि नागपूर. मिथिलेश वझलवार यांची कॉरिडॉर सेव्हन ही रोस्टरी तिथे आहे. राष्ट्रीय बरिस्ता स्पर्धा जिंकून ते जागतिक मंचावर उभे राहिले. कॉफीच्या बागांपासून दूर, चहाच्या टपऱ्यांच्या आणि तर्री-पोह्यांच्या शहरात बसून हे करायला वेगळी जिद्द लागते. विदर्भाला कॉफी अगदीच परकी नाही, हेही इथे सांगायला हवं. मेळघाटातल्या चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचंच नाव घेतलं जातं.

या पाचही जणांचं काम प्रामाणिक आहे. तक्रार आहे ती त्यांच्या मागून आलेल्या एका प्रवाहाबद्दल. या प्रवाहात फिकं भाजणं हा दर्जाचा पुरावा झाला आहे. लाइट रोस्ट मागणारा जाणकार, दूध घालणारा अडाणी. नवा रोस्टर दुकान उघडतो तेव्हा त्याच्यावर या समजाचं दडपण असतं, आणि मग कोणतंही बी आलं तरी ते फर्स्ट क्रॅकपाशीच अडखळतं.

त्यात अडचण मूळ बियाची आहे. भारतातल्या अरेबिकाच्या बागांत जुनी आणि खूप पसरलेली जात म्हणजे एस 795. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राचं हे देणं, 1940 च्या दशकातलं. तांबेऱ्याने बागा उजाड होत असताना त्याला तोंड देऊ शकेल अशा झाडाचा केंट या जातीशी संकर करून ती तयार केली. या झाडाच्या वंशात लायबेरिका या वेगळ्याच कॉफीचंही रक्त आहे. बागा साधारण हजार ते पंधराशे मीटर उंचीवर, सिल्व्हर ओक आणि फणसाच्या सावलीत, खोडावर मिरीचे वेल चढलेले. या बियाचं बळ कशात आहे? दाटपणात, गोडव्यात, मसाल्याच्या हलक्या झाकेत, जिभेवर रेंगाळण्यात. आंबटसरपणा त्यात सौम्यच असतो. आता जी शैली आंबटसरपणा दाखवण्यासाठी घडली, ती या बियाला लावली तर दाखवायला उरतं काय? बऱ्याचदा कप कच्चट लागतो, ओल्या शेंगदाण्यासारखा. लाडवाचं बेसन कच्चं राहिलं तर साखर वाढवून ते सुधारत नाही, तसं इथे दूध किंवा साखर घालून काही साधत नाही. हेच बी दीड मिनिट आणखी थांबलं असतं तर गुळासारखं गोड झालं असतं.

फिक्या भाजणीची बाजूही नीट मांडायला हवी. तिने बागायतदाराला शिस्त लावली. गडद आचेत कच्ची, पिकलेली, सडकी फळं सगळी सारखीच कडू होतात. फिक्या आचेत एक कच्चं बी सगळा कप बिघडवतं. त्यामुळे लालभडक पिकलेलंच फळ वेचायचं, उंच खाटल्यांवर सावकाश वाळवायचं, ही काळजी वाढली आणि तिचे पैसेही वाढले. नीलगिरीतलं उंचावरचं धुतलेलं बी किंवा इथिओपियाच्या वंशाचं सिलेक्शन 9 फिकं भाजलेलं सुरेख लागतं, आणि अशा बियाला गडद आच देणं हा त्या बियावर अन्याय आहे. प्रश्न एवढाच की निर्णय बी बघून झाला पाहिजे.

आणि कप बघून. महाराष्ट्रात कॉफी म्हणजे दूध, हे सांगायला कोणी पाहणी करायची गरज नाही. रात्री जेवणानंतर पाहुण्यांना जायफळ घातलेली दुधाळ कॉफी द्यायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात सहा टक्के स्निग्धांश असतो. म्हशीचं घरचं दूध त्याहूनही दाट. हे दूध हलक्या आंबटसर कॉफीला गिळून टाकतं किंवा तिच्याबरोबर फाटल्यासारखं लागतं. पुण्या-मुंबईतलं धरणाचं पाणी बरंच मऊ, पण सोसायटीच्या बोअरचं किंवा मराठवाड्यातल्या विहिरीचं क्षारांनी भरलेलं पाणी आंबटसरपणा मारून टाकतं आणि कप सपाट करतं. ऑस्लोत जुळलेल्या तिन्ही गोष्टी इथे नाहीत. अशा वेळी दुधात टिकेल, कडक पाण्यातही बोलेल अशी मध्यम भाजणी करणं याला तडजोड म्हणणं चूक आहे. ते जास्त कठीण काम आहे. गडद करून कडवट बनवणं सोपं. फिकं ठेवून ‘फ्रूटी’ म्हणणं त्याहून सोपं. दाट दुधाखालूनही बागेची ओळख पटेल अशा बिंदूवर आच थांबवायला हात तयार लागतो.

आंबवण्याच्या प्रयोगांबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. 2015 च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत साशा सेस्टिकने बंद टाक्यांत, वाइनच्या पद्धतीने आंबवलेली कॉफी वापरून विजेतेपद मिळवलं आणि हे तंत्र जगभर पसरलं. भारतातही रत्नागिरी इस्टेटसारख्या बागांनी ते अभ्यासाने केलं. ही कर्नाटकातली बाग, आपली रत्नागिरी नव्हे. पण या वाटेवर पुढे पुढे जाताना कॉफी रमच्या पिंपात ठेवणं, फळांच्या गरात मुरवणं, असे प्रकार आले. पाकिटावर स्ट्रॉबेरी लिहिलेलं असतं आणि कपातही स्ट्रॉबेरीच येते. बी चिकमगळूरचं की ब्राझीलचं, एस 795 की दुसरं कोणतं, हे मग कळेनासं होतं. गडद आचेने बी झाकलं जातं म्हणून जिने बंड केलं, त्याच चळवळीने बी झाकण्याचा दुसरा मार्ग शोधावा, हे खटकतं.

मुद्दा पाकिटाचा आहे. चिकोरी मिसळलेल्या कॉफीला आपल्याकडे कायदा आहे: कॉफी किमान 51 टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. त्यामुळे वाण्याकडे साधी पुडी घेणाऱ्यालाही आपण काय पितोय ते वाचता येतं. स्पेशालिटीच्या पाकिटावर भाजल्याची तारीख आता बहुतेक ठिकाणी असते, ती चांगलीच गोष्ट. त्याच्या जोडीला झाडाची जात, बाग, उंची, कुठवर भाजलंय आणि कशासाठी भाजलंय, हेही ठळक यावं. ‘दुधासाठी’, ‘काळी पिण्यासाठी’, ‘दक्षिणी फिल्टरसाठी’, इतकं साधं. फिकं भाजलेलं बी भाजल्यावर आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावं लागतं, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड सावकाश सुटतो. हेही लिहावं, नाहीतर ताजं म्हणून दुसऱ्याच दिवशी फोडणारा ग्राहक निराश होतो. कोपनहेगनची कॉफी कलेक्टिव्ह तर शेतकऱ्याला किती पैसे दिले ते पाकिटावर छापते. भारतीय रोस्टर बागेपासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. त्याला हे डेन्मार्कपेक्षा सोपं जायला हवं.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मध्यम भाजणीचा आग्रह आणखी पटतो. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. बागायतदाराला हे दिवस बऱ्याच वर्षांनी दिसले. पण अशा भावात तो विचार करतो: व्यापारी सगळा माल सरसकट उचलतोय, मग एकेक लाल फळ वेचायला जास्तीची मजुरी कशाला? आधीच मजूर मिळत नाहीत, खोडकिडीने अरेबिकाची झाडं जातात, पाऊस ऐन काढणीत येतो. स्पेशालिटी रोस्टर त्याच्याकडून दोन-चार पोती घेतो, सगळ्यात चांगली, आणि फोटो काढून जातो. उरलेल्या शेकडो पोत्यांचं काय? भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के रोबस्टा आहे. ती बहुतेक स्पेशालिटीच्या दुकानांत दिसतही नाही. नीट वेचलेली, धुतलेली रोबस्टा, जिला व्यापारात कापी रॉयल म्हणतात, ती इटलीतल्या एस्प्रेसोत मानाने बसते.

काळी, फिकी कॉफी पिणारे देशात थोडे आहेत आणि थोडेच राहतील. त्यांच्यापुरतं भाजणारा रोस्टर बागेतलं थोडंच विकत घेऊ शकतो. दुधात कॉफी पिणारे कोट्यवधी आहेत. त्यांच्यासाठी चिकोरीशिवायचं, मध्यम भाजलेलं, अरेबिका आणि उत्तम रोबस्टा यांचं मिश्रण मन लावून तयार केलं, तर त्याच बागायतदाराकडून पन्नास-शंभर पोती दरवर्षी, ठरलेल्या भावाने उचलता येतील. काही रोस्टरांनी फिल्टर कॉफीची मिश्रणं विकायला काढलीही आहेत. मात्र ती यादीत सगळ्यात खाली असतात, ज्यांना बाकीचं झेपत नाही त्यांच्यासाठी ठेवल्यासारखी. ती सगळ्यात वर यावीत, आणि स्पर्धेच्या बियावर जेवढी मेहनत होते तेवढीच त्यांच्यावर व्हावी.